गोठा, ढाळज, गॅरेज

परभणीत कोणाला ‘इथे गॅरेज कुठे आहे?’ असे विचारले, तर तो एखाद्या मिस्त्रीच्या दुकानाकडे बोट दाखवील. मराठीत गॅरेज ही गाडी दुरुस्त करण्याची जागा आहे, गाडी निजण्याची नव्हे. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ ‘आसऱ्याला ठेवणे’ असा. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, मोटारी श्रीमंतांच्या घरी येऊ लागल्या तेव्हा, तो शब्द इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे. पण येताना आसरा गळाला आणि ग्रीस तेवढे उरले. घरातल्या मोटारीच्या खोलीला हैदराबादी वळणाचा ‘मोटारखाना’ हा शब्द काही काळ चालला, पुढे तोही मागे पडला. आज लोक सरसकट ‘पार्किंग’ म्हणतात. एकूण ह्या खोलीला आपल्या भाषेत स्वतःचे, टिकाऊ असे नाव कधी मिळालेच नाही.

नाव नाही म्हणून इतिहास नाही असे मात्र नाही. वाहनाची जागा रिकामी करून तिथे माणसाने संसार मांडणे ही अमेरिकेच्या उपनगरांतून आलेली कल्पना आहे, अशी समजूत घरबांधणीच्या चकचकीत मासिकांमुळे होऊ शकते. मराठवाड्यात हे काम फार पूर्वीपासून चालू आहे. फक्त ते शोधायचे तर गोठा, ढाळज, देवडी, पागा ह्या नावांखाली शोधावे लागते. आणि शोधू लागलो की एक अडचणीचा प्रश्न समोर येतो : ती जागा ‘रिकामी’ होती, असे आपण ज्याला म्हणतो, ती खरोखर कधी रिकामी होती काय?

आधी घर पाहू. गोदावरी–पूर्णा–दुधना ह्या नद्यांच्या काठचा हा मुलूख काळ्या मातीचा. शेतीच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची मराठी रीत इथे शब्दशः खरी ठरते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात-हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर घर उभे राहत नाही आणि तिचे छतही होत नाही. म्हणून गावठाणातली, जुन्या गढीच्या ढिगाऱ्यातली पांढरी चिकण माती आणायची आणि ती माळवदावर पसरायची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला किंवा काटक्या आणि सर्वांत वर मातीचा थर, अशी ही रचना. दोन खांबांमधल्या जागेला ‘खण’ म्हणायचे, आणि घर किती मोठे हे खणांवरून सांगायचे. चौरस फुटांचा हिशेब येण्यापूर्वी सोयरीक जुळवताना ‘नऊ खणांचे माळवद आहे’ एवढे सांगितले की पुरे होई.

ह्या घरात शिरण्याचा एक क्रम होता. रस्त्यावरून आत येताना मोठा दरवाजा, दरवाज्याच्या दोन्ही अंगांना उंच ओट्यासारखी ढाळज (उच्चारात बऱ्याच ठिकाणी ‘ढेलज’), मग मोकळा चौक किंवा अंगण, त्याच्या एका अंगाला गोठा, समोर ओसरी, ओसरीच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, आणि मागे परस. श्रीमंत वाड्यात ढाळजेच्या जागी देवडी असे आणि घोड्यांची पागा असे. ‘देवडी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. त्याचे नाते संस्कृत ‘देहली’शी, म्हणजे उंबऱ्याशी, सांगतात. मराठीत तो पहारेकऱ्याच्या बसण्याच्या जागेपुरता राहिला. निजामाच्या हैदराबादेत मात्र उमरावांच्या सबंध वाड्यालाच देवडी म्हणू लागले. परभणीचा माणूस एकाच राज्यात राहून दोन्ही अर्थ वापरीत होता.

बैल, गाय, म्हैस, बैलगाडीचे सामान, दमणी असेल तर दमणी, कडब्याच्या पेंढ्या, औते, हे सारे घराच्या पुढल्या भागात असे. शहरी वाचकाला ह्याचे आश्चर्य वाटते; जनावर मागल्या बाजूला असायला हवे, असे त्याला वाटते. पण बैल हेच ज्या घराचे भांडवल, त्या घराने ते दारापाशी, नजरेसमोर, कुलपाच्या आत ठेवणे स्वाभाविक होते. घरातला कर्ता पुरुष रात्री ढाळजेत निजे तो हवेसाठी आणि राखणीसाठीही.

आणि गोठ्यात कोण निजे? सालगडी. मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्यापासून मोजले जाते. पाडव्याला बोली ठरते, आणि पुढल्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या घराचा होतो. त्याचे अंथरूण गव्हाणीच्या शेजारी, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर. (‘आखाडा’ म्हटले की इतर महाराष्ट्राला कुस्ती आठवते. परभणी-हिंगोलीकडे शेतातल्या गोठ्याला आणि खोपटाला आखाडा म्हणतात. दोन्हीत माणूस मातीशी झटतो एवढेच साम्य.) तो मालकाच्या घरात राहत होता, पण घराच्या मोजणीत नव्हता. विटाळशी झालेली घरातली बाईही अनेक कुटुंबांत ते चार दिवस ह्याच कडेच्या जागेत काढीत असे. गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस कामासाठी आला तर तो ढाळजेच्या पायरीखाली उभा राही; पायरी चढून वर बसण्याचा अधिकार कोणाला, हे ठरलेले होते. तेव्हा वाहनाची आणि जनावराची जागा ही घरातली सर्वांत मोकळी जागा होती हे जितके खरे, तितकेच ती घरातली सर्वांत काटेकोर सीमाही होती हे खरे. आपल्याकडच्या वाडासंस्कृतीवर लिहिताना चौकातल्या तुळशीवर पाने भरतात, पण ह्या पायरीचा उल्लेख क्वचित येतो.

लंडनमध्ये ह्याच गोष्टीचे वेगळे रूप दिसते. तिथल्या मोठ्या घरांच्या मागे गल्लीसारख्या रचनेत तबेले असत. खाली घोडे आणि बग्गी, वर मोतद्दाराची आणि कोचमनची खोली. ह्या गल्ल्यांना ‘म्यूज’ म्हणतात. घोडे गेले तेव्हा तिथे मोटारी आल्या. पुढे मोटारीही बाहेर पडल्या आणि विसाव्या शतकात त्या जागांची घरे झाली. आज ती घरे फार महाग आहेत. कोचमनच्या खोलीत राहण्यासाठी बँकर रांगेत उभे असतात असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण त्याही गल्लीत माणूस आधीपासून राहत होताच. बदल झाला तो असा, की मोजणीत नसलेल्या माणसाच्या जागी मोजणीत असलेला माणूस आला.

परभणी जिल्ह्यात ह्या बदलाची पहिली मोठी लाट १९४८ नंतरची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने जमिनीचे संबंध बदलू लागले. ज्यांच्या दारी घोडी झुलत, त्यांच्या पागेचा खर्च चालेनासा झाला. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास झालेला होता, त्यावर परभणी, सेलू, मानवत रोड, पूर्णा ही स्टेशने होती. १९३२ पासून निजामाच्या रेल्वे खात्याने बसगाड्याही सुरू केल्या होत्या. घोडा म्हणजे प्रवासाचे साधन राहिला नव्हता, तो केवळ मान होता. मान गेला, घोडा गेला, पागा उरली. अशा पागा आणि देवड्या पुढे काय झाल्या हे कोणत्याही जुन्या गावात फिरून पाहावे : कुठे दुकान, कुठे धान्याची कोठी, कुठे भाऊ वाटणीला बसल्यावर धाकट्याच्या वाट्याला आलेले घर. वाटणी हा ह्या रूपांतराचा सर्वांत बलवान कारागीर होय. चार भावांत चौसोपी वाडा वाटताना कोणाला तरी ढाळज आणि गोठा मिळणारच, आणि ज्याला मिळाला त्याने तिथे चूल मांडलीच पाहिजे.

बी. रघुनाथ ह्या संदर्भात आठवतात. सातोन्यात १९१३ साली जन्मलेला आणि १९५३ साली ऐन चाळिशीत गेलेला हा लेखक परभणीत निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरीला होता. दिवसा उर्दू कारभाराच्या खात्यात रस्त्यांचे आणि इमारतींचे कागद, आणि रात्री मराठी कविता, कथा, कादंबरी, असे त्याचे दुहेरी आयुष्य. सरकारी इमारतीचा नकाशा आणि माणसाचे प्रत्यक्ष राहणे ह्यांतले अंतर ज्याला रोज हाताळावे लागे, असा मराठी कादंबरीकार बहुधा दुसरा नसेल. त्याच्या नावाचे सभागृह परभणीत आहे. त्याच्या काळच्या घरांचे मोजमाप मात्र कोणी नीट करून ठेवलेले नाही, ही खंत इथे नोंदवतो.

दुसरी लाट १९७२ ची. एकाच वर्षी दोन विरुद्ध गोष्टी घडल्या. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच पावसाळ्यात पाऊस आला नाही. दुष्काळाने गोठे रिकामे केले. जनावरे मातीमोल भावाने विकली गेली किंवा मेली. विद्यापीठाने गावात माणसे आणली : प्राध्यापक, कारकून, प्रयोगशाळा-साहाय्यक, आणि विद्यार्थी. कृषी महाविद्यालय १९५६ पासून होतेच, पण आता खोल्यांची मागणी वाढली. शहराजवळच्या घरांत दावणीची जमीन ठोकून तिथे शहाबादी फरशी बसवली गेली. गुलबर्ग्याकडची ही फरशी मराठवाड्यातल्या मध्यमवर्गाचा पहिला जाहीरनामा आहे. शेणाने सारवायची भुई जिथे संपते तिथे ती सुरू होते. गव्हाणीची जागा विटा लावून उंच केली की पुस्तके ठेवायला फळी तयार. भिंतीतली लोखंडी कडी, जिला बैल बांधत, ती काढण्याच्या फंदात कोणी पडले नाही. विद्यार्थ्याने तिला दोरी बांधून कपडे वाळत घातले.

भाड्याने खोली देणाऱ्याचा पहिला प्रश्न भाड्याचा नसे. ‘आडनाव काय म्हणालात?’ हा असे. आडनावावरून उमगले नाही तर गाव, गावावरून उमगले नाही तर गल्ली. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ह्या संग्रहातली शीर्षककथा परगावी नोकरीला गेलेल्या आणि जात लपवून राहण्याची जागा मिळवलेल्या तरुणाची आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. ती कथा गुजरातेतल्या रेल्वेगावात घडते, पण तिचा उंबरा कोणत्याही मराठवाडी शहरात सापडेल. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर परभणी, नांदेड ह्या जिल्ह्यांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्या वर्षानंतर खोली शोधणाऱ्या दलित विद्यार्थ्यासाठी तो प्रश्न किती जड झाला असेल, ह्याची कल्पना करावी. विचित्र गोष्ट अशी, की ज्या जागेत पिढ्यान् पिढ्या सालगडी निजत आला, आणि सालगडी बहुतेक वेळा त्याच वस्तीतला असे, तीच जागा फरशी बसवून ‘खोली’ झाल्यावर त्याच्या नातवाला नाकारली जाई. गोठा होती तोवर ती त्याची होती, खोली झाली आणि त्याच्यासाठी बंद झाली. घराच्या सुधारणेचा इतिहास लिहिताना सुधारणा कोणाच्या बाजूने झाली, हे पाहावे लागते ते ह्यासाठी.

तिसऱ्या लाटेचे कारण भयंकर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पावणेचार वाजून गेल्यावर किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे मेली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने मध्यम होती. माणसे मेली ती घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर फूट-दीड फुटाचा, काही ठिकाणी त्याहूनही जाड, मातीचा थर. दर एक-दोन पावसाळ्यांनी गळती थांबवण्यासाठी माळवदावर नवी माती टाकण्याची रीत असते, जुनी कोणी काढत नाही. म्हणजे घर जितके जुने, तितके छत जड. आजोबांनी टाकलेली माती नातवाच्या अंगावर पडली. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी असेही नोंदवले, की बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता आणि भोवतालच्या दगडी भिंती तेवढ्या ढासळल्या होत्या. जुन्या सुतारांचा खण खरा ठरला, भिंत खोटी ठरली. पण भिंतींखाली गेलेल्यांच्या नातेवाइकांना ही वास्तुशास्त्रीय बारकाई सांगून काय उपयोग!

परभणी जिल्हा त्या विनाशाच्या केंद्रापासून दूर होता. तरी माळवदाखाली निजण्याची भीती सबंध मराठवाड्यात पसरली. लोक अंगणात, रस्त्यावर, शेतात निजू लागले, आणि पाऊस आला तेव्हा गोठ्यात शिरले. कारण गोठ्यावर पत्रा होता. पत्रा पडला तर जखम होते, माळवद पडले तर माणूस जातो, हा हिशेब त्या एका रात्रीत सगळ्यांना पाठ झाला. ज्या घराची शान माळवद होती आणि ज्याच्या कडेला लाजत पत्र्याचा गोठा उभा होता, त्या घराची उतरंड उलटी झाली. पुढल्या दहा वर्षांत खेड्याखेड्यांतून माळवदे उतरवली गेली, सागवानी तुळया व्यापाऱ्यांनी नेल्या आणि सिमेंटचे किंवा पत्र्याचे छत आले. गोठ्यातला तात्पुरता मुक्काम अनेकांच्या बाबतीत कायमचा ठरला.

पत्र्याखाली राहणे हे काही सुख नव्हे. परभणीचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत परभणीचे नाव वारंवार येते. मातीचे जड छत ह्या दोन्ही टोकांना पुरून उरत असे : दुपारी थंड, पहाटे उबदार. पत्रा दोन्ही वेळा उलटे वागतो. शिवाय तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची पद्धत पडली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे भूकंपाचे धक्के बसले आणि परभणी-नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा प्रशासनाला सांगावे लागले की छतावरचे दगड काढून घ्या. तीस वर्षांत मातीचे ओझे उतरवून आपण तिथे दगड नेऊन ठेवले होते.

आता खऱ्या, म्हणजे मोटारीच्या, गॅरेजकडे येतो. १९७०–८० च्या दशकांत परभणीच्या नव्या वसाहतींत प्राध्यापकांनी, वकिलांनी, डॉक्टरांनी जे बंगले बांधले, त्यांतल्या काहींच्या नकाशात गॅरेज असे. मोटार नसे. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. मारुती ८०० आली तीच १९८३ साली. तरी बांधणाऱ्याने भविष्यावर विश्वास ठेवून दहा बाय वीस फुटांची खोली राखून ठेवली. ह्या आशावादी खोल्यांत प्रथम कापूस, ज्वारी, सिमेंटची पोती राहिली, मग विद्यार्थी आणि मग नवविवाहित मुलगा. मोटार शेवटी आली तेव्हा ती बाहेर, रस्त्यावर, कडुलिंबाखाली उभी राहिली. मराठी मध्यमवर्गाच्या घरात मोटारीला जागा होती तेव्हा मोटार नव्हती. मोटार आली तेव्हा जागा माणसांनी घेतली होती.

कायद्याच्या भाषेत ही खोली फारच डळमळीत आहे. मराठवाड्याला १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा लागू होता. त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये (अंमल ३१ मार्च २००० पासून) भाड्याच्या ‘जागे’च्या व्याख्येत बागा, मोकळ्या जागा, गॅरेज आणि आउटहाऊस हे एका दमात, इमारतीला जोडून असलेल्या गोष्टी म्हणून येतात. मोफा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या सदनिका कायद्यात तर ‘सदनिका’ ह्या शब्दातच गॅरेजचा समावेश आहे. ह्याचा आधार घेऊन बिल्डर इमारतीखालची खांबांमधली जागा ‘गॅरेज’ म्हणून वेगळी विकीत असत. दहिसरच्या एका गृहनिर्माण संस्थेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्या. लोढा आणि न्या. पटनायक ह्यांनी निर्णय दिला की खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सर्वांच्या सामाईक मालकीची आहे आणि विकता येणार नाही. ‘गॅरेज’ ह्या शब्दाचा सामान्य माणसाला काय अर्थ कळतो, ह्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला खल करावा लागला. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने व्याख्याच दिली : छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची जागा. छप्पर आणि तीन भिंती! ज्याने खेड्यातला गोठा पाहिला आहे त्याला ही व्याख्या वाचताना ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटेल.

राहती खोली होण्यासाठी ह्या जागेला चौथी भिंत लागते एवढेच नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार गॅरेजची उंची २.४ मीटर चालते, राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर लागते. खिडकी लागते. गॅरेजची जमीन पाणी बाहेर जावे म्हणून दाराकडे उतरती असते आणि रस्त्याच्या पातळीला असते. घराचे जोते उंच असते. काळ्या मातीवर जोत्याशिवाय राहणे म्हणजे पावसाळ्यात भिंतीतून चढणारी ओल आणि उन्हाळ्यात फरशीला पडणारी भेग ह्यांच्याशी बारमाही भांडण. शटर काढून तिथे वीट रचली तरी खाली पाया नसतो, म्हणून ती भिंत वर्षा-दोन वर्षांत मूळ भिंतीपासून सुटते. नव्या बांधकामात तर अधिक अडचण : वाहनासाठी सोडलेली जागा चटई क्षेत्राच्या हिशेबात धरलेली नसते, तेव्हा तिथे माणूस राहायला आला की ते बांधकाम बेकायदा ठरते. वाहनाला माफ असलेले क्षेत्र माणसाला माफ नाही. तेच क्षेत्र, तेच छप्पर. आत इंजिन असेल तर कायदेशीर, चूल असेल तर गुन्हा. नियमामागे कारण आहे, आणि ते बरोबरही आहे : पाणी, सांडपाणी, अग्निशमन हे सारे माणसांच्या संख्येवर ठरते आणि गाड्या रस्त्यावर आल्या तर रस्ता सर्वांचाच जातो. पण जो शहराकडे येतो त्याला हे कारण राहायला जागा देत नाही. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आणि २०२१ ची त्यातली मुदतवाढ (३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी) ह्यांचा अर्थ सरकारलाही हे उमगले आहे असाच घ्यावा लागतो.

ह्या खोलीत आज कोण राहते? माझ्या पाहण्यात दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणजे घरातल्या बाया. शटर अर्धे उघडून आत शिवणयंत्र, पिठाची गिरणी, शेवयांचे यंत्र, ब्यूटी पार्लर, शिकवणीचा वर्ग. जुन्या वाड्यात ढाळज ही पुरुषांची जागा होती; खानदानी घरातली बाई तिथे बसत नसे, तिथून डोक्यावरचा पदर सावरीत पटकन जात असे. तिची नात त्याच जागी गल्ल्यावर बसते. रूपांतराच्या ह्या सबंध इतिहासात निर्विवाद चांगले असे काही असेल तर ते हे.

दुसरे म्हणजे म्हातारी माणसे. मुलगा वर मजला चढवतो, सून-नातवंडे वर जातात. आईवडिलांना जिना चढवत नाही म्हणून खाली, शटरच्या खोलीत त्यांची सोय होते. सोय म्हणावी की रवानगी, हे घराघरावर आहे. खाट, औषधांचा डबा, देवाचा फोटो, कोपऱ्यात मुलाची जुनी मोटारसायकल, कारण तिच्यासाठी दुसरी जागा नाही. शेतीवरून थकून परतलेल्या पिढीचा एक मोठा भाग मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतून अशा खोल्यांत शेवटची वर्षे काढतो. काही म्हातारे ह्याला कुरकुरत नाहीत. दारात बसता येते, येणारा-जाणारा दिसतो, रामराम होतो. ढाळजेत बसणाऱ्या वडिलांची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. काही मात्र स्वच्छ म्हणतात, ‘गोठ्यात आणून बांधलं बघा आम्हाला.’ ह्या वाक्यात विनोद असतो, पण म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले तर हसू येत नाही.

गावठाणातल्या मिळकतींची ग्रामपंचायतीत आकारणी होते तेव्हा नमुना ८ च्या उताऱ्यावर बांधकामाचे वर्णन लिहिले जाते : माळवद, पत्रा, आरसीसी. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली. त्यातून मिळकत पत्रिका मिळते, तिच्यावर क्षेत्र असते, हद्द असते, धारकाचे नाव असते. पत्रा वरून एकसारखा दिसतो. त्याखाली बैल आहे, ट्रॅक्टर आहे की कोणाची तरी आई आहे, हे लिहायला त्या पत्रिकेत रकाना नाही. सालगड्याचे नाव जुन्या कुठल्याही दप्तरात त्या जागेसमोर नव्हतेच.